सड्यावरची पाणबुडी

समुद्र घरापासून पाच मिनिटांवर असताना पाणबुडी चालवायला घाटी चढून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, जायचं, यावरून मालवणात माझी यथेच्छ थट्टा झाली आहे. पाणबुडी अर्थात खेळण्यातली. तरी कुणी खेळणं म्हटलं की मला थोडा राग येतोच. एक मीटर वीस सेंटिमीटर लांब, पाच किलोच्या आसपास वजन, रिमोटवर चालणारी, खरोखर बुडणारी आणि बहुतेक वेळा खरोखर वर येणारी.

सड्यावर जायचं कारण मीठ. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, आणि ज्यातून वीज चांगली वाहते ते रेडिओलहरींना आत शिरू देत नाही. माझा रिमोट जुन्या पद्धतीचा, २७ मेगाहर्ट्झवर चालणारा, लांबलचक अँटेना ओढून बाहेर काढायचा. त्याची लहर समुद्राच्या पाण्यात दर साडेचार-पाच सेंटिमीटरला जेमतेम तिसरा हिस्सा उरते. वीतभर खोलीवर शंभरातला एखादा भाग, आणि हातभर खाली काहीच नाही. सड्यावरच्या चिरेखाणीत साचलेल्या पावसाच्या गोड्या पाण्यात मात्र तीच लहर काही मीटर खाली सहज पोचते.

हल्ली दुकानात मिळणारे रिमोट २.४ गिगाहर्ट्झचे असतात. विमानांना, गाड्यांना, साध्या बोटींना ते उत्तम. पाणबुडीला ते गोड्या पाण्यातही कामाचे नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हन जवळपास याच वारंवारतेवर चालतो, आणि अन्न तापतं ते त्यातलं पाणी ही ऊर्जा शोषून घेतं म्हणूनच. नवा रिमोट घेतला तर तळ्याला कणभर ऊब मिळेल, पाणबुडीला निरोप मिळणार नाही.

खऱ्या नौदलाची अडचण वेगळी नाही, फक्त मोठी आहे. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात आयएनएस कट्टबोम्मन नावाचं नौदलाचं केंद्र आहे. तिथून अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी पाठवतात, कारण तेवढ्याच काय त्या समुद्रात दहा-वीस मीटर खोल उतरतात. त्या पाठवायला प्रचंड मनोरे लागतात, ते काही पाणबुडीवर बसत नाहीत. म्हणून हे बोलणं एका बाजूचं. पाणबुडी ऐकते, त्याच वाटेनं उत्तर देऊ शकत नाही. मला ही माहिती कळली तेव्हा आपण अगदीच वेडे नाही असं वाटून बरं वाटलं होतं.

मॉडेल कुठल्या पाणबुडीचं करायचं हे ठरवायला वेळ लागला नाही. माझगाव गोदीत बांधलेली आयएनएस खांदेरी २०१९ साली मुंबईत नौदलात दाखल झाली. नाव थळजवळच्या बेटावरच्या किल्ल्याचं. १६७९ मध्ये महाराजांच्या आरमारानं इंग्रज आणि सिद्दी या दोघांशी झुंजत जो ताब्यात ठेवला, तो खांदेरी. याच नावाची पहिली पाणबुडी सोव्हिएत बनावटीची, १९६८ ते १९८९ या काळात आपल्या नौदलात होती. कोकणच्या माणसानं पाणबुडी करायची तर दुसरं नाव कशाला शोधायचं?

माप ठरलं ते मात्र हार्डवेअरच्या दुकानात. खरी पाणबुडी ६७.५ मीटर लांब आणि ६.२ मीटर रुंद. आपल्याकडे सांडपाण्यासाठी वापरतात तो पीव्हीसी पाइप ११० मिलिमीटरचा. ६.२ मीटरला छपन्ननं भागलं की जवळजवळ हाच आकडा येतो. परदेशातले हौशी लोक १:४८, १:७२ अशी ठरलेली मापं धरतात. माझी १:५६, कारण पाइप ११० चा. शास्त्रापेक्षा दुकानात काय मिळतं यावर कोकणातली बरीच कामं ठरतात.

पाइपचं नळकांडं म्हणजे मधला भाग. नाक आणि शेपूट गोलाईचं, ते पाइपात कुठून येणार? त्यासाठी सावंतवाडीला गेलो. चितार आळीत लाकडी फळं, पोळपाट-लाटणी आणि खेळणी करणारे कारागीर अजून आहेत. खेळण्यांना पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरायची तिथली जुनी रीत. मला मिळालं ते आंब्याचं. नाकाचा आकार कागदावर दाखवला तेव्हा कारागिरानं काही विचारलं नाही. निमुळती शेपटी पाहिल्यावर मात्र त्यांनी कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "एवढो मोठो भोवरो फिरवतलो कोण?" लाकूड कातायच्या चरकावर दोन्ही तुकडे त्यांनी असे उतरवले, की हात फिरवला तर कुठे खाच लागू नये. मी पैसे देताना लाखेचा रंग द्यायचा का, हेही विचारलं त्यांनी. लाल-पिवळी पाणबुडी डोळ्यांसमोर आली आणि क्षणभर मोह झाला.

त्या लाकडी साच्यांवरून फायबरचे कवच काढायचे होते. हे काम शिकायला आपल्या किनाऱ्यासारखी जागा नाही. होड्यांना फायबर मारणारी मंडळी प्रत्येक बंदरात असतात. काचधाग्याची मॅट, चिकट रेझिन, ते घट्ट करणारे कोबाल्ट आणि हार्डनर, सगळं तिथंच मिळतं आणि फुकटचे सल्लेही. त्यातला एक सल्ला सोन्यासारखा: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मग त्यात हार्डनर. आणि हे काम पावसाळ्यात करायचं नाही. दमट हवेत रेझिन दिवसचे दिवस चिकट राहतं आणि त्यावर माश्या बसून कायमच्या राहतात.

आता आतली गोष्ट. बाहेरचं कवच पोकळ असलं तरी कोरडं नसतं. खालच्या लांबट छिद्रांतून पाणी आत येतं आणि माथ्यावरच्या छिद्रांतून हवा बाहेर जाते. कोरडी असते ती आत बसवलेली ९० मिलिमीटरची ॲक्रिलिकची नळी. बॅटरी, मोटर, रिसीव्हर आणि पाण्याची टाकी तिच्या पोटात. टाकी म्हणजे मोठं इंजेक्शन समजा: दट्ट्या, त्याला आट्यांचा रॉड, रॉडला गिअरची मोटर. दट्ट्या मागे गेला की अर्धा लिटर पाणी आत येतं आणि पाणबुडी जड होते. पुढे ढकललं की हलकी.

अर्धा लिटर का, यात या छंदाचं सगळं मर्म आहे. पाणबुडी तरंगताना तिचा जो भाग पाण्यावर असतो, म्हणजे मनोरा (पाठीवरचा उभा उंचवटा), पाठ, पेरिस्कोप, तो सगळा पाण्याखाली न्यायचा तर त्या भागातल्या सामानानं जेवढी जागा व्यापली आहे तेवढंच पाणी टाकीत घ्यावं लागतं. मनोऱ्याची पोकळी हिशेबात येत नाही, कारण ती पाण्यानं भरते. येते ती त्याच्या भिंतींची जाडी. म्हणून मनोरा आतून पॉलिश पेपरनं घासून घासून पातळ केला, उन्हात धरला तर बोटांची सावली दिसेल इतका. वर लावलेली प्रत्येक वस्तू खाली टाकीत आपल्यापुरतं पाणी मागते.

याचा परिणाम असा, की बारकावे भरताना हात आपोआप आखडतो. कपाटात ठेवायच्या मॉडेलला कठड्याच्या दांड्या, दोर बांधायचे खुंट, शिड्या असं काय वाटेल ते लावता येतं. माझ्या मते बुडणाऱ्या मॉडेलला ती चैन परवडत नाही आणि परवडूही नये. पाण्याखाली जाणाऱ्या खऱ्या जहाजाच्या अंगावरही फारसं काही नसतंच. जे बाहेर राहील ते प्रवाहात आवाज करील. मी वेळ घालवला तो पाण्याच्या छिद्रांवर. ती खऱ्यासारखी ओळीनं, सारख्या अंतरावर, कडा न तुटता कापायला बारीक कानस आणि बराच संयम लागतो. पंख्याचा आकार मात्र अंदाजानं केला. पाणबुड्यांच्या छायाचित्रांत पंखा बहुधा झाकलेला असतो, कारण त्याच्या पात्यांच्या वळणावरून ती किती आवाज करते हे जाणकाराला कळतं. इतक्या गुप्त वस्तूची नक्कल मी पितळी पत्र्यातून केली याचा नौदलाला राग येणार नाही अशी आशा आहे.

रंगाबद्दल माझं एक ठाम मत आहे. पाणबुडी काळी असते हे खरं, पण मॉडेलला डबीतला काळा दिला की ती पाण्यात शाईचा डाग दिसते. लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद भासतो. काळ्यात राखाडी आणि चमचाभर तपकिरी मिसळला, पाण्याच्या रेषेवर किंचित हिरवट झाक दिली आणि नांगराच्या जागेखाली गंजाचा ओघळ. गंज कसा उतरतो हे पाहायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. धक्क्यावर ओढून ठेवलेल्या लोखंडी सामानाकडे सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलं की पुरे: वर गडद, खाली येताना पिवळट, आणि शेवटी एक थेंब थबकून वाळलेला.

मोटरचा शाफ्ट कोरड्या नळीतून बाहेर येतो ती जागा सगळ्यांत नाजूक. तिथं मदतीला आले शेजारचे मिस्त्री, जन्मभर ट्रॉलरची इंजिनं उघडण्यात गेलेला माणूस. ट्रॉलरच्या शाफ्टला ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे घालून त्याभोवतीचं झाकण, म्हणजे ग्लँड, आवळतात, आणि तो मुद्दाम थोडा सैल ठेवतात. पाण्याचा थेंब-थेंब आत आलाच पाहिजे, त्यानं शाफ्ट थंड राहतो. "थेंब गळलो नाय तर शाफ्ट जळतलो," हे मिस्त्रींचं ब्रीद. माझ्या नळीत एक थेंबही चालणार नाही, हे त्यांना पटवताना एक पूर्ण संध्याकाळ गेली. ट्रॉलरला पाणी उपसायचा पंप असतो, मला नाही. शेवटी पंपदुरुस्तीच्या दुकानातला रबरी सील बसवला आणि मागे ग्रीस भरलं. मिस्त्री अजूनही तो शाफ्ट बोटानं चाचपून बघतात, गरम झालाय का म्हणून.

बाकी जोडाजोडीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तारा, सोल्डर, पुन्हा तारा.

चिरेखाणीकडे वळू. सड्यावर जांभा कापून झाला की चौकोनी खड्डा मागे राहतो. पावसाळ्यात तो तुडुंब भरतो, पाणी तांबडंलाल. दिवाळीनंतर गाळ खाली बसतो आणि पाणी असं निवळतं, की तळाशी करवतीच्या पात्यानं उमटलेल्या रेघा मोजता येतात. वारा नाही, लाट नाही, प्रवाह नाही, जाळी नाही. मॉडेल पाणबुडीसाठी याहून चांगलं पाणी कुणी मागूनही देणार नाही. धोका आहे तो माणसाला. कडा उभ्या कापलेल्या असतात आणि काठापासूनच पुरुष-दोन पुरुष पाणी. एकट्यानं जायचं नाही, आणि पोरांना काठावर दोरीशिवाय उभं करायचं नाही.

पहिली कामं वजनाची. वर थर्माकोलसारख्या फोमचे तुकडे, खाली शिसं. शिसं मी पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, घेराला लावतात तेच घेतलं, दोरीवर ओवायच्या त्या छोट्या नळ्या. एकेक नळी इकडची तिकडे करत पाणबुडी आडवी, सरळ आणि नेमक्या रेषेपर्यंत बुडेल असं करायचं. तरंगताना आणि बुडाल्यावर तोल राखायचे नियमही वेगळे. पाण्याखाली वजनाचा मध्य उचलून धरणाऱ्या पाण्याच्या मध्याच्या खाली नसेल तर पाणबुडी निमूट कुशीवर वळते. शेवटी टाकी पूर्ण भरल्यावरही ती पाच-दहा ग्रॅम हलकीच राहील असं ठेवलं. तेवढं हलकेपण मोडून तिला खाली न्यायचं ते शेपटीचे आडवे पंख तिरपे करून, चालत्या वेगानं. मोटर बंद पडली तर ती आपण होऊन वर येते. मिस्त्री काठावर विडी ओढत हे सगळं बघत होते. म्हणाले, "बुडाक व्हयी म्हणान केलंस, आणि आता वर येवक व्हयी म्हणतंस. मगे बुडयतंस कित्याक?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण व्यवस्था होती. जुन्या रिसीव्हरला संदेश तुटल्यावर गप्प बसायचं कळत नाही. तो हवेतला गोंगाट पकडून पंख वेडेवाकडे हलवत बसतो. म्हणून मध्ये एक आर्डुइनो, म्हणजे हवा तसा प्रोग्रॅम भरता येणारी छोटी सर्किटपट्टी, ठेवला आहे. रिसीव्हरकडून येणारे विजेचे ठोके एक ते दोन मिलिसेकंदांच्या आसपास नसतील, तर काठावरून मी काहीही सांगत असो, तो ऐकत नाही. मोटर बंद, दट्ट्या पुढे, वर चल. नळीच्या तळाशी दोन उघड्या तारा आहेत. त्यांच्यामध्ये पाणी साचलं तरी हेच.

चाचणीत एक गंमत कळली, ती मी कुठे वाचलेली नव्हती. दट्ट्या मागे जातो तेव्हा बंद नळीतली हवा दाबली जाते. एक मीटर खोलीवर बाहेरचा दाब एक-दशांशानं वाढतो, आतला मात्र त्याहून जास्त. म्हणजे खाली असताना फट असेल तर पाणी आत येत नाही, हवा बाहेर जाते. मागच्या झाकणापासून बारीक बुडबुड्यांची सरळ माळ वर येताना दिसली, आणि आतली नळी मात्र कोरडी ठणठणीत. मग पाणबुडी वर आली, दट्ट्या पुढे सरकला, आत हवा कमी उरलेली. आणि तरंगत असताना, सगळं आलबेल दिसत असताना, त्याच फटीतून तिनं पाणी ओढायला सुरुवात केली. ॲक्रिलिकमधून एक थेंब उतरताना मी पाहिला. रबरी कड्यावर नारळाच्या शेंडीचा एक धागा अडकला होता, केसाएवढा. तो काढला, सिलिकॉन ग्रीस लावलं, बुडबुडे थांबले.

चालवण्याचा आनंद संथपणात आहे. जहाजाच्या मॉडेलचा वेग मापाच्या वर्गमुळानं कमी करावा लागतो, हा एकोणिसाव्या शतकातल्या विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याचा नियम. पाण्यावर ११ नॉट जाणारी खांदेरी माझ्या मापात सेकंदाला पाऊण मीटर, म्हणजे गप्पा मारत चालणाऱ्या माणसाच्या चालीनं जायला हवी. त्याहून जोरात पळवली की नाकापुढची लाट खोटी दिसते. योग्य वेगात पाठ हळूहळू ओली होते, मग मनोरा उरतो, मग नुसती पेरिस्कोपची काडी आणि तिच्यामागे पाण्यावर उमटणारी चिरीसारखी बारीक रेघ. पाहायला आलेली पोरं या क्षणी हटकून गप्प होतात आणि काडी दिसेनाशी झाली की एकदम ओरडतात.

समुद्राचा मोह मात्र सुटत नव्हता. शेवटी वाट काढली ती खऱ्या पाणबुड्यांकडूनच. त्याही कधी कधी अँटेनाची लांब तार मागे तरंगत सोडतात. मी रिसीव्हरची तार मनोऱ्यातून बाहेर काढून जाळ्याच्या छोट्या बोयाला बांधली. बोया पाण्यावर, तार हवेत, पाणबुडी खाली. दिसायला वाईट दिसतं, गळाला मासा लागून पळाल्यासारखं, पण चालतं.

त्यासाठी वजन पुन्हा जमवावं लागलं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, म्हणजे पाच किलोमागे सव्वाशे ग्रॅम. खाणीत नेमकी बसलेली पाणबुडी समुद्रात टाकी भरूनही बुडायचं नाव घेत नाही. मूठभर शिसं वाढवलं तेव्हा कुठे पाठ ओली झाली. खऱ्या पाणबुडीला हे कायमचं आहे. अरबी समुद्र जास्त खारट, बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी येऊन मिळतं म्हणून तो कमी. मुंबईहून विशाखापट्टणमला जाणाऱ्या पाणबुडीला वाटेत आपलं वजन नव्यानं तोलावंच लागत असणार, आणि तिचं वजन तर दीड हजार टनांवर.

भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवशी, वारा पडलेला असताना, खडकांच्या आडोशाला तिला सोडली. तिच्या कमरेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, बांधलेला, न जाणो. ती गेली, वळली, वर आली. घरी आणून गोड्या पाण्यानं धुतली, कारण मिठाला पितळ आणि बेअरिंग दोन्ही आवडतात.

मिस्त्रींना आता नवीनच काही सुचलं आहे. "ह्येका कॅमेरो बसव. माझो नांगर धक्क्याखाली खय तरी पडलोहा, तो तरी दिसात." नाकात जागा आहे. कॅमेरा आणि त्याचं झाकण मिळून शंभरेक ग्रॅम होईल, तेवढं शिसं पुढून काढून तोल शेपटीकडे सारावा लागेल. पण धक्क्याखालचं पाणी एवढं गढूळ, की कॅमेऱ्याला स्वतःचं नाक दिसलं तरी मिळवली. आणि नांगर दिसलाच तर तो वर काढणार कोण, यावर मिस्त्री अजून काही बोललेले नाहीत.